शेळीनं खाल्लेल्या मुंडावळ्या

राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात मी सव्वीस वर्षं वाचनालय सांभाळते. नवीन पुस्तकं आली की शिक्के मारण्याआधी एकदोन घरी नेऊन वाचायची माझी जुनी खोड आहे. तीन वर्षांपूर्वी खरेदीच्या गठ्ठ्यात एक पातळशी कादंबरी आली, लेखकाची पहिलीच. मी ती एका दिवसात संपवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊन कुणाशी धड बोलले नाही.

कादंबरीचा नायक एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. उजव्या हातानं तो फळ्यावर सुविचार लिहायचा आणि डाव्या हातानं निनावी पत्रं. त्या पत्रांनी त्यानं गावातली अकरा लग्नं मोडली. वैर कुणाशीच नव्हतं. लिहिता येत होतं आणि कुणी पकडत नव्हतं, एवढंच. पुढं बायको वारते, घर रिकामं होतं आणि एका बाजाराच्या दिवशी हे गुरुजी कपाळाला ताज्या फुलांच्या मुंडावळ्या बांधून भर बाजारात बसतात. समोर कर्णा. ज्या अकरा जणींची लग्नं मोडली त्या सगळ्यांनी माफ केल्याशिवाय मुंडावळ्या सोडणार नाही, असं ते जाहीर करतात. दर बाजाराला एक पत्र वाचून दाखवतात. लोक हसतात, दगड मारतात, कुणी चहा पाजतं. दहा जणी आपापल्या तऱ्हेनं माफ करतात. अकरावी करत नाही. गुरुजी तिच्या अंगणात जाऊन बसतात, डोळा लागतो, आणि तिची शेळी येऊन कपाळावरच्या मुंडावळ्या खाऊन टाकते. गुरुजी जागे होतात, मोकळं कपाळ चाचपतात, शेळीला नमस्कार करतात आणि घरी जातात. कादंबरी संपते.

मी गप्प का झाले ते सांगते. चोवीस वर्षांची असताना माझा साखरपुडा झाला होता. श्रीरामपूरकडचं स्थळ होतं. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे एक निनावी पत्र गेलं. ‘मुलीला फिट येतात, घरच्यांनी लपवलं आहे.’ मला आयुष्यात एकदाही फिट आलेली नाही. त्यांनी खात्रीसुद्धा केली नाही, निरोप पाठवून मोकळे झाले. पुढच्याच वर्षी मला वाचनालयाची नोकरी लागली. नंतर दोन स्थळं आली, ती मीच नाकारली. स्वतःची किल्ली, स्वतःचं टेबल आणि एवढी पुस्तकं सोडून कुणाच्या घरी जाऊन मी धड आहे हे सिद्ध करत बसायची माझी इच्छा उरली नव्हती. गावात मात्र अजून माझ्याकडे बघून हळहळतात. त्या हळहळीचा मला त्या पत्राइतकाच राग येतो.

पुस्तक मी शिक्का मारून कपाटात ठेवलं.

सगळ्यात आधी ते नेलं उसाच्या बागाईतीतल्या एका वहिनींनी. सासरी आल्यापासून त्या वाचनालयाच्या सभासद आहेत. बाजार करून येतात, पिशवी दाराशी ठेवतात आणि पुस्तक बदलून नेतात. आठवड्यानं त्या हसतच आल्या.

“ताई, लई येडं पुस्तक हाय. शेळीनं काम केलं बघा. मानसांना जमलं न्हाई ते.”

“म्हणजे माफी झाली म्हणता?”

“व्हय की. त्या बाईला तोंडानं म्हनायचं नव्हतं. मनात आलं आसंल, म्हनून तर शेळी सोडली तिनं. न्हाईतर शेळी दाव्याला बांधल्याली आसती.”

मी कादंबरी पुन्हा उघडून पाहिली. शेळी सुटी होती की बांधलेली, हे लेखकानं कुठंच लिहिलेलं नव्हतं. वहिनींनी ते आपल्या गोठ्यातून आणलं होतं.

त्यांच्यानंतर ते नेलं सुप्याच्या एका कंपनीत नोकरीला असलेल्या माणसानं. तिशी ओलांडलेला, सुट्टीला मोटारसायकलवर घरी येणारा, अबोल. दोन आठवडे त्यानं पुस्तक परत केलं नाही. मग एका रविवारी सकाळी आला आणि टेबलावर ते असं आपटलं की रजिस्टर हललं.

“खोटं हाय हे पुस्तक.”

मी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. हळूहळू त्यानं सांगितलं. कंपनीत एक यंत्र बिघडलं होतं, चूक याची होती. चौकशीत यानं शेजारच्या माणसाचं नाव घेतलं आणि त्या माणसाची नोकरी गेली. दोन वर्षं हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. पुस्तक वाचून त्याला वाटलं, आपणही जावं. पारनेरकडच्या त्या माणसाच्या गावी तो गेला, दारात उभा राहिला, सगळं बोलला.

“मग?”

“मग काय? त्येनं दार लावून घेतलं. मी तासभर हुभा व्हतो. कुनीबी आलं न्हाई, ना मानूस, ना शेळी.” त्याचे डोळे भरले होते आणि त्याला त्याचाच राग येत होता. “लिहिनाऱ्याचं काय जातं, ताई? त्येनं शेवट गोड करून टाकला.”

मी फक्त पुस्तक जमा केल्याची नोंद केली.

पुस्तकाची गावात चर्चा व्हायला लागली आणि ती आमच्या कार्यवाहांच्या कानावर गेली. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. सर सरळ माणूस. वाचल्याशिवाय मत देणारे नाहीत. त्यांनी पुस्तक नेलं, दोनदा वाचलं आणि पेन्सिलीनं बारा ठिकाणी खुणा करून परत आणलं.

“हे कपाटात ठेवता येणार नाही,” ते म्हणाले. “शिक्षकाला बाजारात बसवून त्याचं माकड केलंय. आणि एवढं सगळं करून तो सुटतो कसा? तर जनावरानं फुलं खाल्ली म्हणून! मुलांनी यातून काय घ्यायचं?”

“मोठ्यांची कादंबरी आहे, सर.”

“मोठ्यांनी तरी काय घ्यायचं?”

त्यांनी समितीची बैठक लावली. रविवारी दुपारी सातही सभासद आले. मी वाचकांना येऊ द्यायची परवानगी मागितली, सरांनी ती लगेच दिली. वहिनी आल्या, सुप्याचा माणूसही मागं भिंतीला टेकून उभा राहिला.

सर अर्धा तास मुद्देसूद बोलले. मी ऐकत होते, काही पटतही होतं. शेवटी त्यांचा आवाज मऊ झाला.

“आणि आणखी एक. आपल्या ताईंचा तरी विचार करा. त्यांच्या बाबतीत काय घडलं ते गावाला माहीत आहे. रोज ते पुस्तक त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, ही कुठली माणुसकी?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीच ती हळहळ, सात खुर्च्यांवर बसलेली. मी इतिवृत्त लिहीत होते, पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले.

“सर, तुमचे बाकीचे मुद्दे तुमचे आहेत, ते मांडा. माझ्या नावावर हा ठराव करायचा नाही.”

“मी तुमच्या भल्यासाठीच...”

“माझं भलं मी बघते. तुम्हाला ऐकायचंच असेल तर ऐका. ज्यानं ते पत्र लिहिलं त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. उद्या तो माझ्या दारात मुंडावळ्या बांधून आला तर मी दार लावून घेईन. शेळी मी पाळत नाही. पण पुस्तक कपाटातच राहील. मला पटत नाही ते पुस्तक काढायचं ठरवलं, तर निम्मी कपाटं रिकामी होतील.”

वहिनी पदर सावरत म्हणाल्या, “मंग तुमीच त्या अकराव्या बाई, ताई.”

“हो,” मी म्हणाले. “आणि माझं काही बिघडलेलं नाही.”

हे वाक्य इतक्या वर्षांत मी गावासमोर पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं.

मागून सुप्याचा माणूस बोलला. त्याला असं चारचौघांत बोलायची सवय नव्हती, आवाज फाटला. “मला बी ते पुस्तक पटलं न्हाई. पन काढू नका. माजं त्याच्याशी आजून भांडान बाकी हाय.”

एवढं होऊनही ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. कादंबरी कुलपाच्या कपाटात ठेवावी, कुणालाही घरी देऊ नये. इतिवृत्त मीच लिहिलं, शब्द न बदलता. मग विचारलं, “पुस्तक सध्या बाहेर आहे. परत आल्यावर कुलपात ठेवायचं ना?”

“अर्थात,” सर म्हणाले.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी ते स्वतःच्या कार्डावर घेतलं होतं. माझंही सभासदत्व आहे, वर्गणी भरते. ते मी वाचायला वहिनींच्या जावेला दिलं, जावेनं माहेरी देवळाली प्रवरेला नेलं, तिथून ते शिर्डीत हारफुलांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईकडे गेलं. मुंडावळ्या विकणाऱ्या त्या बाईनं निरोप पाठवला की असल्या ताज्या मुंडावळ्या दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाहीत, लेखकाला काही कळत नाही. पण पुस्तक तिनं महिनाभर ठेवून घेतलं.

दोन महिन्यांनी समितीनं मला लेखी विचारलं : पुस्तक अद्याप जमा का नाही, खुलासा करावा. मी एका ओळीत उत्तर दिलं. ‘पुस्तक वाचकांकडे आहे.’ खाली सही केली. नोकरी जाईल अशी तयारी ठेवली होती. भावाला तसं सांगूनही ठेवलं होतं. तो घाबरला, मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर एक रात्र झोप लागली नाही, पण सही खोडावीशी वाटली नाही. पुढं कुणी काही विचारलं नाही.

सुप्याचा माणूस दिवाळीनंतर पुन्हा पारनेरला गेला. या वेळी त्या माणसानं दार उघडलं, अंगणात उभं करून आईबहिणीवरून शिव्या घातल्या, शेजारीपाजारी गोळा झाले. “लई बोलला,” त्यानं मला सांगितलं. “पन बोलला तर.” मग त्यानं कंपनीत जाऊन खरं काय ते लेखी दिलं. त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. दुसऱ्याला नोकरी परत मिळाली नाही, तो आता स्वतःचा टेम्पो चालवतो. यांच्यात मैत्री झालेली नाही. पुस्तक त्याला आजही खोटंच वाटतं.

सर रोज सकाळी पेपर वाचायला येतात. आमचं बोलणं पूर्वीसारखंच चालू आहे, ऊस, पाऊस, नवी पुस्तकं. यंदाच्या खरेदीच्या यादीत मी त्याच कादंबरीची दुसरी प्रत लिहिली आणि यादी सहीसाठी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“पहिली आली नाही वाटतं अजून?”

“नाही, सर.”

त्यांनी यादी जवळ ओढली. मग सही केली आणि त्या ओळीपुढं बारीक, सुंदर अक्षरात लिहिलं, ‘माझा विरोध कायम.’

मी म्हटलं, “माझाही.”

दोन्ही प्रती सध्या बाहेर आहेत.