कोरडा पट्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्ही हसाल — कारण पलूसपासून विट्यापर्यंत कुणालाही विचारा, आप्पाच्या पोटात काही राहत नाही असंच म्हणतील. खरंय. न घडलेल्या गोष्टीसुद्धा मी शंभर वेळा सांगितल्यात. विहिरीत पडलेला वाघ मी शेपटीला धरून वर काढला, हे तुमच्या कानावर असेलच. तो कोल्हा होता. आणि काढला आमच्या गड्यानं. पण खरोखर घडलेली एक गोष्ट — तीच तेवढी आत राहिली. मला सरळ येता येत नाही, कडेकडेनं येतो.

तुम्हाला ती मोटारीची गोष्ट ठाऊक आहे ना? विलायती, बुटकी, दोनच माणसांची हिरवी गाडी. सांगलीच्या प्रदर्शनात मारुती सुतारानं ती साठ मैलांच्या वेगानं सोडली, घारीसारखी उडाली, पुढं जे व्हायचं ते झालं? ती गोष्ट माझी. तीस वर्षं सांगतोय — पारावर, लग्नाच्या मांडवात, यष्टीत. लोक मागून घेऊन ऐकतात. त्यातली गाडी खरी, माणसं खरी. बाकीचं — थांबा, येतो तिथंच.

लढाई संपली होती आणि गोरे लोक सामान बांधायला लागले होते. साताऱ्याला एका साहेबाच्या तबेल्यात ती गाडी धूळ खात होती. साहेबानं माझा हात धरून डोळ्यांत पाणी आणलं, असं मी सांगतो. साहेबाला मी पाहिलंही नाही. त्याच्या माळ्यानं सीटवरच्या कोंबड्या हाकलल्या, अंडी काढून घेतली आणि म्हणाला, "न्या येकदाची." बैलजोडी जुंपून आम्ही ती पलूसला ओढत आणली. कराडात एकानं विचारलं, "पावणं, विलायतेत बैल बी संगट देत्यात का वो?"

हसलात? मलाही अजून हसू येतं. म्हणूनच तर दर वेळी इथंच रेंगाळतो.

आम्ही म्हणजे मी आणि मारुती. नानू सुताराचा मुलगा, माझ्याच वयाचा, लढाईत इराकात लष्कराच्या ट्रका दुरुस्त करून परत आलेला. गाडीचा सांगाडा आतून लाकडी, आणि तो वाळवीनं पार खाल्लेला. नानूतात्यानं तो बाभळीत नव्यानं घडवला — बैलगाडीची साटी घडवावी तसा, एकही खिळा न मारता. बापाचं लाकूड, लेकाचं लोखंड. आणि माझं काय? माझा गोठा आणि माझं तोंड. सहा महिने ते दोघं राबले. मी गावाला बातम्या पुरवल्या.

ब्रेकचे पट्टे कुठं मिळेनात. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो. ब्रेक दाबला की आतले पट्टे त्याला घासतात आणि चाक धरलं जातं. शेवटी मारुतीनं माझ्या गुऱ्हाळाच्या इंजिनाचा जुना, जाड पट्टा कापला. तो तेलात मुरलेला. मारुतीनं तो रॉकेलात धुतला, उन्हात वाळवला, पुन्हा धुतला, पुन्हा वाळवला — आठ दिवस नुसता तोच उद्योग. मग माझ्या नाकासमोर धरला. "हुंगा आप्पा." मी हुंगला. कशाचाही वास नव्हता. "आता ध्यानात ठेवा," तो म्हणाला, "चाकाच्या आत तेलाचा थेंब जाता कामा न्हाई. पट्टा कोरडा हाय तवर गाडी आपली."

मी ऐकलं. नीट ऐकलं.

सांगलीला नदीकाठी शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. बैल, पाण्याचे पंप, हातभर वांगी, आणि आसपासच्या बड्या लोकांच्या मोटारी. दुपारी एकेक मोटार उतारावरून सावकाश खाली येणार, मांडवासमोर थांबणार, पाहुणे ती बघणार. सकाळी आम्ही गाडी आत आणली. मी पुढं, छाती काढून. मारुतीनं ब्रेक दाबला आणि पुढचं उजवं चाक किंचाळलं.

कोरडा पट्टा कधी कधी किंचाळतो. त्यात घाबरायचं काही नसतं. पण गर्दीतला एक फेटेवाला ओरडला, "आवं पाटील, मोटार आणलीया का रहाट?" सगळा मांडव हसला. लोकांना हसवण्यात माझा जन्म गेला — पण माझ्यावर हसलेलं? ते मला कधी सोसलं नाही.

मारुती तात्याला आणायला स्टेशनावर गेला. गाडीपाशी मी एकटा. कुरकुरणाऱ्या चाकाला शेतकरी काय करतो? जत्रेला निघायच्या आधी गाडीला वंगण घालतो. बेंदराला बैलाच्या शिंगांनाही तेल चोळतो, चमकावीत म्हणून. शेजारी पंपवाल्यांची इंजिनाच्या तेलाची बुधली होती. आधी चाकाच्या तारांना चोळलं — काय झळकल्या! मग उरलेलं फटीतून आत ओतलं. मारुतीचं बोलणं विसरलो होतो का? नाही. ओतताना ते कानात होतं. वाटलं, एवढ्यानं काय होतंय. वाटलं, दुपारी पुन्हा किंचाळली तर?

तात्या आले. नवं धोतर, गुलाबी फेटा. गाडीत डोकावून म्हणाले, "आरं, हितं बसायचं का निजायचं?" मारुती उजवीकडं स्टेअरिंगवर, तात्या डावीकडं. आणि मीच म्हणालो, "तात्या, उभं ऱ्हावा. काचंला धरा. लोकांस्नी दिसू दे लाकूड कुणाचं हाय." ते लाजत लाजत उभे राहिले. तेवढ्यात मला दिसलं — उजव्या चाकाच्या कडेनं तेलाचा काळा ओघळ खाली येत होता.

एक शब्द पुरला असता. 'उतरा.' एवढाच.

मी खाली वाकलो आणि उपरण्याच्या टोकानं तो ओघळ पुसला.

गाडी किती वेगात होती म्हणता? मी तिच्या शेजारून चालत होतो. चालत! उताराच्या मध्यावर मारुतीनं ब्रेक दाबला. चाक किंचाळलं नाही — ते मला आधी जाणवलं, आणि खोटं कशाला सांगू, अर्धा क्षण बरं वाटलं. डाव्या चाकानं धरलं, उजव्यानं धरलंच नाही. गाडी गपकन डावीकडं वळली आणि घाटाच्या दगडी कठड्याला लागली. फार जोरात नाही. दिवासुद्धा फुटला नाही. पण तात्या उभे होते. ते काचेवरून पुढं गेले, डोकं कठड्यावर. गुलाबी फेटा उलगडत पायऱ्यांवरून खाली गेला. मारुती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन "तात्या, तात्या" करत राहिला. तात्यांनी एकदाही ओ दिली नाही.

तेरावं झाल्यावर मारुतीनं चाक खोललं आणि मला बोलावणं धाडलं. तेलानं चिंब पट्टा हातात घेऊन तो उकिडवा बसला होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आप्पा, तुमी चाकाला काय लावलं न्हवतं न्हवं?"

"न्हाई रं."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण मी थांबणारा माणूस आहे का? "जुनाच पट्टा त्यो," मी म्हणालो. "इंजिनाखालचं टोक ह्या चाकाला आलं आसंल. मुरलेलं तेल. तापलं की सुटलं."

तो कितीतरी वेळ पट्टा हुंगत राहिला. मग म्हणाला, "आजून येकडाव धुवाया पायजे हुता."

गाव विचारायला लागलं तेव्हा मी साठ मैलांची गोष्ट रचली — तीत पट्ट्याचं नाव नाही, दोष सगळा वेगाचा. ती मारुतीच्या कानावर गेली, तसा तो आमच्या ओट्यावर आला आणि हात जोडून उभा राहिला. "आप्पा, माझी चूक तुमी पोटात घातलीसा. लय उपकार झालं." मी काय म्हणालो असेन? "आसू दे रं गड्या," म्हणालो. आणि पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर त्यानं मोटारीला हात लावला नाही. बापाचा लाकूड तासायचा वाकस घेतला आणि जन्मभर बैलगाड्यांची चाकं केली. दर बेंदराला माझ्या गाड्यांना वंगण तोच घालायचा, हट्टानं. मी शेजारी उभा राहून बघायचो. त्याच्या देखतही मी ती गोष्ट सांगितली आहे, माणसं पोट धरून हसलीत. तो मान खाली घालून बसायचा.

गेल्या महिन्यात मारुती गेला. मी खांदा दिला. त्याची बायको दारात म्हणाली, "भावजी, ह्यांची अब्रू तुमी राखलीसा." मी मान हलवली. तो गेल्यावर लिहितोय, आधी लिहिलं नाही — हेही तुमच्या ध्यानात आलं असेलच.

बाभळीचा सांगाडा कुठंही तडकला नव्हता. आणि मारुतीनं बसवला तेव्हा पट्टा कोरडा होता. मी स्वतः हुंगला होता.