पाव कोण खात नाही?

आरोग्य सेविकांना शिकवायचं आणि शिकवलेलं त्या करतात की नाही ते बघायचं, ही माझी नोकरी. त्यात मी पेडण्याची. दुसऱ्याच्या टोपात काय शिजतंय ते कळल्याशिवाय मला घास उतरत नाही.

सेविकांना टॅब मिळाले तेव्हापासून कोण कुठे फिरते ते आम्हाला नकाशावर दिसायला लागलं. नार्व्याच्या बाजूच्या एका गावातली सेविका मात्र रोज सकाळी तासभर एका छोट्या पुलापाशी उभी. घरभेटी जेमतेम. तिची नोकरी कंत्राटी. साहेब म्हणाले, "जाऊन बघा. कामचुकार असेल तर तसं लिहा, यंदा कंत्राट वाढवायचं नाही." पण तिच्या गावात एकाही पोराची लस चुकलेली नव्हती. हे गौडबंगाल काय? मला राहवेना. आमचं प्रशिक्षण केंद्र साखळी गावात, तिथून सकाळची पहिली बस धरली.

ती पुलावरच होती, खांद्याला पिशवी लावून.

"काय गो, कुणाची वाट बघतेस?"

"पोदेराची, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. कामाच्या वेळेत ही बया पाववाल्याची वाट बघते! तोंड उघडणार इतक्यात सायकलचा भोंगा वाजला, पोंऽक पोंऽक, आणि घराघरातून बायका बाहेर आल्या. गोल उंडे पाव घेता घेता ही एकेकीशी बोलत होती. एकीच्या पायाची सूज बघितली, एकीला गोळ्या दिल्या. एका घरातून कुणीच आलं नाही, तर पोदेर गेल्यावर ही तडक तिकडे. म्हातारा तापाने पडला होता.

"घरोघर का जात नाहीस मग?"

"घरात गेल्यार सासू बोलता, मॅडम. पावाक आयल्यार सून बोलता."

अगो बाय माझे! वीस वर्षं मी वर्गात 'संवाद कौशल्य' शिकवतेय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात अहवाल लिहायलाही घेतला. तेवढ्यात माझ्या भोचक जिभेने विचारलं, "आणि जे पाव खात नाहीत ते?"

ती गावाबाहेरच्या भाड्याच्या खोल्यांकडे बघत राहिली. बेळगाव-कोल्हापूरकडची बांधकामावरची माणसं तिथे राहायची.

आम्ही दोघी तशाच चालत गेलो. तिसऱ्या खोलीत एक पोर वाटावी अशी बाई भाकऱ्या थापत होती. सातवा महिना. पाय सुजलेले, डोळे पांढरे पडलेले, आणि एकदाही तपासणी नाही.

मी विचारलं, "पाव घ्यायला येत नाहीस कधी?"

ती हसली. "पाव? त्यो आजारी माणसाला देत्यात आमच्याकडं."

सेविकेने लगेच रुग्णवाहिका बोलावली. बाईला गाडीत बसवून परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "माझी चूक, मॅडम. खरं तेंच बरयात."

लिहा म्हणणं सोपं. एक गरोदर बाई सुटली एवढं वाचून साहेब पुढचं पान उलटणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर चिडचिड केली. शेवटी सगळं लिहिलं: पूल, पोदेर, सुना आणि सुटलेली बाई. खाली जोडलं, 'भाडेकरूंच्या खोल्या शोधायला आमच्या प्रशिक्षणात शिकवलेलंच नाही. ती चूक मी माझ्यावर घेते. हिचं कंत्राट वाढवावं, आणि शिकवायला हिलाच बोलवावं.'

साहेबांचा फोन आला. "मॅडम, हा अहवाल आहे की पावाचं दुकान?" मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "एकदा पुलावर येऊन उभे राहा, मग बोला." ते आले नाहीत, पण सही आली. त्या बाईला मुलगी झाली, दोघी सुखरूप. आता नकाशावर सेविका सकाळी पुलापाशी दिसते आणि संध्याकाळी खोल्यांजवळच्या नळापाशी.

साखळीच्या वर्गात नव्या मुली आल्या की पहिला प्रश्न तीच विचारते, "तुमच्या गावात पाव कोण खात नाही?"

सगळ्या खो खो हसतात. ती हसत नाही. हातात खडू घेऊन उत्तराची वाट बघत उभी राहते.