काही अडलंय का?

आमच्या अणदूरच्या गल्लीतले अर्थसर इंग्रजी शब्दांचे अर्थ तोंडानं सांगत नसत, करून दाखवत. हायस्कुलातून निवृत्त झालेला हा उंचापुरा माणूस ‘टेक ऑफ’ समजवायला दोन्ही हात पसरून अंगणभर पळायचा. आम्ही पोरी हसून लोळायचो. पण आईशप्पथ, तो अर्थ पुन्हा कधी विसरले नाही.

फी नव्हती. अट एवढीच की चहा प्यायचा आणि त्या शब्दाचं एक वाक्य करायचं, तेही आपल्या घरातलं. “पुस्तकातलं नगं मला. तुझ्या घरात काय झालं ते सांग.” त्यामुळं अख्ख्या गल्लीची भांडणं सरांना इंग्रजीतून ठाऊक! एकदा शेजारच्या काकू दवाखान्याचा कागद घेऊन आल्या. त्यावरचं ‘फॉलो-अप’ कळावं म्हणून सर अंगणात त्यांच्या मागं मागं चालू लागले. “गोळ्या संपल्या म्हणून सुटका न्हाय काकू. डॉक्टर आसा पाठीमागं लागणार, पुन्हा दाखवायला जायचं!” काकू लाजून चूर झाल्या. “अवो सर, लोकं बघायलीत!”

‘पुट अप विथ’ मात्र सरांना काही केल्या करून दाखवता येईना. तेव्हा त्यांच्या पत्नी चुलीपासूनच ओरडल्या, “माझ्याकडं बघ गं! ह्या माणसासंगं निभावून न्यायलेय न्हवं, त्येच ते!” सगळ्यात मोठ्यानं सरच हसले होते.

पुढं सरांच्या बाई वारल्या. मुलगा बेंगळुरूला राहिला. त्यातच घरोघरी फोन आले आणि अर्थ बोटावर मिळायला लागले. मेल्या त्या फोनचा मला असा राग येतो! सर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत, “काही अडलंय का?” लोक “शरणार्थ सर” म्हणत हात जोडून पुढं जात. कुणाचंच काही अडत नव्हतं. तरी चहाचं आधण ते दोघांचंच ठेवत, आणि उरलेला चहा संध्याकाळी गरम करून स्वतःच पीत.

गेल्या उन्हाळ्यात मी पुण्याहून गावी गेले, तेव्हा सरांनी मलाही विचारलं. फोन माझ्या हातातच होता. मी तो पर्समध्ये टाकला. “अडलंय सर. ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे काय हो?”

सरांनी गळ्याचं बटण लावलं. उंबऱ्यात बसले, कपाळावर आडवा हात धरला आणि रस्त्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर हसू होतं. मी म्हणाले, “कळलं सर.” तरी हात खाली येईना.

“सर, वाक्य सांगू? मी तुमच्या चहाची वाट बघतेय.”

“हे माझ्या घरातलं झालं की गं!” म्हणत ते उठले. निघताना फाटकापर्यंत आले. “आता परत कवा अडंल?”

“दिवाळीत, सर. नक्की.”

दिवाळीसाठी मी एक अवघड शब्द हेरूनही ठेवला होता, करून दाखवायला अख्खी दुपार लागेल असा. दिवाळीच्या तोंडावरच सर गेले. त्या शब्दाचा अर्थ मी फोनवर अजून बघितलेला नाही.