वहिनी, धुराडं आणि मधली जाऊबाई

भाऊजींच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर वहिनी त्यांच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या दारातून नव्हे. त्या थेट गच्चीवर प्रकट झाल्या. उंची नऊ फूट, हातात तलवारीसारखी लखलखणारी पोलादी फीत, आणि मागे जीव मुठीत धरून उभा असलेला नवरा, म्हणजे भाऊजींचा थोरला भाऊ. पाणी हवं का विचारलं, तर वहिनींनी टाकी किती लिटरची ते विचारलं. बसा म्हटलं, तर आधी खुर्ची मोजली. मग पूर्वेकडे बोट रोखून त्या गरजल्या, "तुमच्या टाकीची सावली दुपारी चारला शेजाऱ्यांच्या टोमॅटोंवर पडते. पिकतील कसे ते?" आठ वर्षं त्या टोमॅटोंना खत घालून थकलेले शेजारी हे ऐकून कुंपणापलीकडे ढसाढसा रडले.

यातली नऊ फूट उंची आणि शेजाऱ्यांचं रडणं वजा केलं तर बाकी हकिगत खरी आहे. वहिनींचं म्हणणं एवढंच, की त्या गरजल्या नव्हत्या. "साधं विचारलं मी. आणि फीत पिशवीतच होती."

वहिनी तेव्हा इमारतींचे नकाशे काढायच्या. एकवीस वर्षं त्यांनी लोकांच्या न्हाणीघरांची दारं कुठल्या बाजूला उघडावीत याची काळजी वाहिली. पुढे भाऊजींनी छपरांवर सौर पॅनेलं बसवायचा धंदा काढला आणि डिझाइनचं टेबल वहिनींना दिलं. कचेरी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली कोणी चाकात हवा भरायला लागलं की वरचा संगणक थरथरायचा. पहिल्या खोलीत भाऊजी, त्यांचा फोन आणि त्यांचा आवाज. या तिघांना जेमतेम जागा पुरायची. दुसऱ्या खोलीत वहिनी, खिडकीकडे पाठ करून. खिडकीकडे तोंड केलं की समोरच्या इमारतीच्या सावल्या मोजण्यात सकाळ जाते, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

भाऊजी म्हणजे उत्साहाचा प्रेशर कुकर. फरक इतकाच, की यांची शिट्टी आधी व्हायची आणि डाळ नंतर चढायची. एके दिवशी त्यांना एक विक्रेता भेटला. त्यानं पडद्यावर एक अख्खं माळरान दाखवलं, एक कळ दाबली आणि माळरानावर चाळीस हजार पॅनेलं शिस्तीत उभी राहिली. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही चाळीस हजार थेंब असावेत.

"वहिनी, आजपासून सगळी कामं याच सॉफ्टवेअरवर! एकच सॉफ्टवेअर, एकच पद्धत, एकच दर्जा!"

"भाऊजी, आपलं उद्याचं काम आठ पॅनेलांचं आहे. पोस्टमास्तरांची गच्ची."

"मग काय झालं? ज्याला चाळीस हजार जमतात, त्याला आठ नाही जमणार?"

नाही जमली. त्या सॉफ्टवेअरला गच्ची हा प्रकारच ठाऊक नव्हता. त्यानं आधी जमिनीचा उतार विचारला, मग मातीचा प्रकार, मग कुंपणाची उंची. भाऊजींनी प्रत्येक प्रश्नाला आनंदानं काहीतरी उत्तर दिलं. दुपारी एकसष्ट पानांचा अहवाल बाहेर आला. त्यात निवृत्त पोस्टमास्तरांच्या गच्चीभोवती तारेचं कुंपण होतं, फाटक होतं, आणि मधून मालट्रक जाण्यासाठी चार मीटर रुंद रस्ता होता. उरलेल्या जागेत दोन पॅनेलं मावत होती.

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून अहवाल शेवटपर्यंत वाचला. "ट्रक जिन्यानं येणार का?" त्यांनी विचारलं. आणि काम दुसऱ्याला दिलं.

आता भाऊजींची गाडी एका रुळावरून उतरली की तशीच थांबत नाही, ती समोरच्या रुळावर जाते. त्यांनी फोनवर चालणारं एक छोटं सॉफ्टवेअर घेतलं. उपग्रहातून काढलेल्या फोटोवर बोट फिरवायचं, छपराचे कोपरे दाखवायचे, की तीन मिनिटांत योजना तयार. लहान घरांसाठी ते खरोखरच झकास होतं. हे वहिनीही मान्य करत. पण भाऊजींनी तेच घेऊन बिस्किटांच्या कारखान्याच्या छपरावर बोट फिरवलं. सात मिनिटं लागली. चारशे बारा पॅनेलं बसली. त्यातली काही उजेडाच्या झरोक्यांवर होती, आणि एक पहारेकऱ्याच्या खोलीवर. छपराच्या दक्षिणेकडे भट्टीचं धुराडं होतं, पण वरून पाहिलं तर धुराडंही ठिपका आणि बादलीही ठिपका. सॉफ्टवेअरनं त्याला बादली समजून सोडून दिलं. वहिनींना काही विचारायच्या आत भाऊजींनी ती योजना कारखान्याला पाठवूनही टाकली.

वहिनींनी या सॉफ्टवेअरांना नावं दिली होती. माळरानवाली ती थोरली जाऊबाई: भारदस्त, दागिन्यांनी मढलेली, पण घरच्या चार माणसांसाठी चहा टाकायला सांगितला तर शंभर पाहुण्यांची तयारी करणारी. फोनवाली ती धाकटी: चटपटीत, गोड, पण दाराला कडी लावली की नाही हे न बघता निघून जाणारी. आणि वहिनींच्या संगणकावर तिसरी होती, ती मधली. हिच्यात छप्पर तीन मितींत उभं करता यायचं. टाक्या, कठडे, धुराडी सगळी उंचीसकट घालायची. मग वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी सावली कुठे पडेल ते ती दाखवायची. मधली शिकायला वेळ लागायचा, दिसायला साधी, आणि सगळ्या मधल्या सुनांप्रमाणे तिचं कौतुक कोणी करत नसे.

"प्रत्येकीचं घर वेगळं आहे, भाऊजी," वहिनी म्हणायच्या. "घराच्या गच्चीला धाकटी, कारखान्याच्या छपराला मधली, आणि माळरान मिळालं तर थोरली. चमच्यानं विहीर उपसू नये आणि पोहऱ्यानं औषध घेऊ नये."

पण भाऊजींना एकच काय ते हवं होतं. पोस्टमास्तर हातचे गेलेले, कारखान्याकडून आठ दिवस उत्तर नाही. त्यांनी गुपचूप बाहेरच्या एका डिझाइन संस्थेशी बोलणी केली आणि एका सकाळी ते वहिनींच्या खोलीत आले. खुर्ची असून उभेच राहिले, तेव्हाच वहिनींनी ओळखलं.

"वहिनी, राग मानू नका. बिस्किटांचं काम गेलं, तर पुढच्या महिन्यापासून सगळी डिझाइनं बाहेरून येतील. हे टेबल काढावं लागेल. तुम्ही हमीची कार्डं सांभाळा."

"हमीची कार्डं," वहिनी म्हणाल्या. एखाद्या पट्टीच्या गवयाला कुणी पेटीची धूळ पुसायला सांगावं, असा त्यांचा चेहरा झाला. "त्याला एखादं मांजर ठेवा. स्वस्त पडेल."

भाऊजी कान पाडून बाहेर गेले. वहिनींनी पिशवीतून फीत काढली, डबा उचलला आणि कारखान्याची बस पकडली.

कारखान्याच्या व्यवस्थापक बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्याकडे दोन योजना आलेल्या: भाऊजींची चारशे बारा पॅनेलांची, आणि एका मोठ्या कंपनीची चारशेची. वहिनींनी दिवसभर छप्पर मोजलं, धुराड्याची उंची तीनदा मोजली आणि दोन दिवसांनी मधलीकडून काढलेली तिसरी योजना आणून ठेवली. त्यात तीनशे अठ्ठावन्न पॅनेलं होती.

"तुमचीच कंपनी आधी चारशे बारा म्हणाली होती," बाई म्हणाल्या.

"हो. ती चूक होती."

बाईंनी मान वर करून पहिल्यांदाच नीट बघितलं. विकायला आलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द त्यांनी बहुधा प्रथमच ऐकला असावा. "शुक्रवारी दुपारी तीनला छपरावर या. त्या कंपनीच्या इंजिनियरांनाही बोलावते. दोघांनी माझ्यासमोर बोला. त्याच दिवशी ठरवीन."

शुक्रवारी वहिनी खडूंची पेटी घेऊन दोन वाजताच छपरावर पोचल्या. भाऊजी बरोबर होते. कारण त्यांना घरी बसवेना आणि तिथे उभं राहवेना. मोठ्या कंपनीचा इंजिनियर आला तो टाय लावून. त्याची योजना थोरलीच्या जातकुळीच्या सॉफ्टवेअरवर केलेली होती. तिला सावली ठाऊक होती ती लांबच्या डोंगराची. चाळीस पावलांवरचं धुराडं तिच्या खिजगणतीत नव्हतं.

"सावलीचा फरक नगण्य आहे," टायवाला म्हणाला. "आमचा अहवाल दोनशे पानांचा आहे."

"आमचा एकाच ओळीचा आहे," वहिनी म्हणाल्या आणि गुडघ्यांवर बसून खडूनं सिमेंटच्या छपरावर रेघ ओढू लागल्या.

आधी त्यांनी अकरा चौकोन काढले. "ही अकरा पॅनेलं आमच्या पहिल्या योजनेतली, आणि जवळपास ह्याच जागी तुमच्याही." मग त्या चौकोनांच्या पोटातून जाणारी एक तिरकी रेघ, आणि तिच्या टोकाला फुली. "आज बरोबर साडेतीनला धुराड्याची सावली ह्या रेघेवर असेल आणि तिचं टोक ह्या फुलीवर. पॅनेलं माळेत जोडलेली असतात, बाई. रांगेतल्या एकाच्या चपलेचा पट्टा तुटला की मागचे सगळे खोळंबतात, तसं एकावर सावली आली की माळ मंदावते. हिवाळाभर, रोज दुपारी. म्हणून मी इथे एकही ठेवलेलं नाही."

"आणि सावली फुलीवर नाही आली तर?" बाईंनी विचारलं.

"तर यांना काम द्या," वहिनी म्हणाल्या. भाऊजींच्या घशातून फुगा सुटावा तसा आवाज आला.

तीन वाजून दहा मिनिटं झाली. सावली फुलीपासून बरीच लांब, अगदी दुसऱ्याच गावची असल्यासारखी पडली होती. खाली भट्टीवरच्या मंडळींची चहाची सुटी झाली. छपरावर बायका खडूनं खेळताहेत ही बातमी पोचली आणि वीसएक जण पेले घेऊन जिन्यानं वर आले. भट्टीचा मुकादम कठड्याला टेकला.

"घरी काही काम नाही का हो, ताई?" तो म्हणाला.

"घरी धुराडं नाही ना," वहिनी म्हणाल्या. माणसं हसली आणि वहिनींच्या बाजूची झाली.

तीन वाजून वीस. सावली सरकत होती. आणि एवढ्यात, अख्खं निरभ्र आकाश मोकळं असताना, एक ढग आला आणि नेमका सूर्यासमोर बसला. सावली गायब. टायवाल्यानं घड्याळ पाहिलं. भाऊजींनी ढगाकडे असं पाहिलं, की त्याच्यावर जागा असती तर भाऊजींनी तिथेही पॅनेलं बसवली असती.

"वहिनी," ते पुटपुटले, "चुकलं माझं. आधीच ऐकायला हवं होतं."

"ते नंतर बोला. आता बाजूला व्हा, तुमची स्वतःची सावली येईल फुलीवर."

तीन अठ्ठावीस. ढगाची कड उजळली. ऊन आधी समोरच्या गोदामावर आलं, मग कठड्यावर, मग मुकादमाच्या पेल्यात, आणि एका दमात सगळं छप्पर उजेडानं भरून गेलं. धुराड्याची सावली खडूच्या रेघेवर पडलेली होती. शाळेत अक्षरावरून पेन्सिल गिरवावी तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अकराच्या अकरा चौकोन तिनं कापले होते.

बाई मनगटावर डोळे लावून उभ्या होत्या. "साडेतीन," त्या म्हणाल्या.

मुकादम पुढे झाला, वाकला आणि त्यानं सावलीच्या टोकापासून फुलीपर्यंत हात ठेवून मोजलं. "चार बोटं!" तो ओरडला. "चार बोटांचा फरक!" वीस पेले एकदम कठड्यावर आपटले, शिट्ट्या वाजल्या, आणि भट्टीवरच्या एका आजोबांनी, ज्यांना कशाचा काय संबंध ते शेवटपर्यंत कळलं नाही, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. भाऊजी इतके उंच उडाले, की तेवढ्यापुरती त्यांचीही सावली चौकोनांवर आली.

टायवाला भला माणूस निघाला. त्यानं टाय सैल केला, रेघेजवळ उकिडवा बसला आणि विचारलं, "कुठलं सॉफ्टवेअर वापरलंत?"

"मधली," वहिनी म्हणाल्या.

"हे नाव ऐकलं नाही मी."

"कोणीच ऐकत नाही हो तिचं," वहिनी म्हणाल्या आणि खडूचे हात पदराला पुसले.

बाईंनी तिथेच, कठड्यावर कागद ठेवून, तीनशे अठ्ठावन्न पॅनेलांच्या योजनेवर सही केली आणि बिस्किटांचे दोन मोठे डबे वर मागवले. परतीच्या बसमध्ये भाऊजींनी एक डबा संपवत आणला. तोंड भरलेलं असूनही ते बोलत होते: धाकटी घरांना, मधली कारखान्यांना, थोरली लागली तरच महिन्यापुरती भाड्यानं, हे आपण आधीपासून म्हणत होतो, फक्त मोठ्यानं म्हटलं नव्हतं, वगैरे. वहिनींनी त्यांना म्हणू दिलं.

सोमवारी बाहेरच्या डिझाइन संस्थेला नकार गेला. वहिनींचं टेबल होतं तिथेच राहिलं, शिवाय त्यावर दुसरा पडदा आला. भाऊजींनी त्या दुपारचा किस्सा गावभर सांगितला; आठवड्याभरात फरक चार बोटांचा दोन बोटांवर आला, आणि महिन्याभरात तो पार नाहीसा झाला. कारखान्याची पॅनेलं पावसाळ्याआधी बसली आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी योजनेत लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच वीज दिली.

त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्यानं भट्टी विजेवर घेतली आणि धुराडं पाडलं.