काठोकाठ ग्लास

खालापूरकडच्या घाटाखालच्या एका वीजघरात मी इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारी मोटर बसवायला गेलो होतो. डोंगरावरचं पाणी टर्बाइनवर सोडणारा तो व्हॉल्व्ह तोवर एक माणूस हातानं उघडायचा. नाव मी विचारलं नाही. सगळे त्यांना काका म्हणायचे.

व्हॉल्व्हचं बैलगाडीच्या चाकाएवढं लोखंडी चाक फिरवून झालं की काका बाकावर टेकायचे आणि कॅन्टीनवाल्या ताई त्यांना अर्धाच ग्लास चहा द्यायच्या. मला वाटलं, काका चहा कमी पितात. मग त्यांचे हात पाहिले. चाक फिरवून ते इतके थरथरत होते की भरला ग्लास सांडलाच असता.

चाचणीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला धास्ती, मोटर नाही चालली तर चाक पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडणार.

वीजघराच्या साहेबांनी मोटरचं बटण काकांनाच दाबायला सांगितलं. काकांनी ते करंगळीनं दाबलं. मोटर घुमली, व्हॉल्व्ह उघडत गेला, पाइपात पाणी गरजलं आणि टर्बाइन फिरू लागलं. काका हाताची घडी घालून वरबापासारखे ताठ उभे होते.

ताईंनी सवयीनं अर्धा ग्लास पुढे केला. काकांनी तो परत सरकवला.

"काठोकाठ भर गं. आज हात माजे हायत."

मग तो भरला ग्लास घेऊन ते अख्ख्या वीजघरातून मिरवत फिरले. एक थेंब सांडला नाही.