टोपलीतले मोबाइल

मोर्शीजवळच्या एका गावात मी अंगणवाडी चालवते. लहान लेकरांच्या हाती मोबाइल देऊ नका, हे पालकांना समजावणं अलीकडे माझ्या कामात आलं. मला तेवढंच निमित्त हवं होतं. भाषण करायला मला किती आवडतं, ते माझ्या घरच्यांना विचारा.

पहिल्या पालकसभेत अर्धा तास बोलले. मग सभेचा फोटो ऑफिसला पाठवायचा होता, तर नेट येईना. मोबाइल उंच धरून मी खिडकीशी गेले, दारात गेले, शेवटी हापशीपर्यंत जाऊन आले. परतले तर एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमाले सोडाले सांगून राहिली, अन् तुह्या हातातला तर सुटूनच नाही राहिला!"

सगळ्या खो खो हसल्या. मला भयंकर राग आला, कारण म्हातारी खरं बोलली होती.

हसली नाही ती फक्त एकजण, भाजीवाल्यांच्या घरातली सून. सभा संपल्यावर ती मागे थांबली. तिची मुलगी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. मेथीच्या जुड्या बांधताना मध्ये लुडबुड नको म्हणून तिला मोबाइल, चार घास जावेत म्हणून मोबाइल.

"बाई, इले ऐकू येत नसन काय? सासू म्हणते, पोरगी मुकीच हाये." बोलता बोलता ती रडायला लागली. माझं अर्ध्या तासाचं भाषण तिच्या काही कामाचं नव्हतं.

आम्ही पोरीला अमरावतीला नेलं. कान ठणठणीत निघाले. डॉक्टर म्हणाले, मोबाइल बंद करा, हिच्याशी बोला आणि तीन महिन्यांनी परत आणा.

मी त्यांच्या घरी जेवणाच्या वेळेला गेले. सासरे बातम्या बघत होते, सासूबाई कीर्तन आणि नवरा रील. पोरीशी बोलणार कोण? मी जीभ आवरली आणि सुनेला एवढंच सुचवलं की ताटं वाढली की भाजीची रिकामी टोपली फिरव, सगळ्यांचे मोबाइल तिच्यात.

सासरे उखडले. "काहून? मी काय लेकरू आहो?"

सासऱ्यांपुढे कधी आवाज न काढणारी ती सून. तिनं टोपली पुढे धरली आणि म्हणाली, "ठेवा."

पोरीनं चार दिवस घर डोक्यावर घेतलं. सुनेचा फोन यायचा, "बाई, जेवून नाही राहिली." मी धीर द्यायचे आणि फोन ठेवला की स्वतःच घाबरायचे. पाचव्या दिवशी ती आईजवळ मेथीत बसली. जुड्या सोडून ठेवायची, आईची बोलणी खायची. निदान बोलणी तरी कानावर पडत होती.

दीड महिन्यानं पुन्हा गेले. ताटं वाढलेली, टोपली भरलेली, सासरे नातीला भाकर चुरून देत होते. माझा ऊर भरून आला. ऑफिसला दाखवायला एक फोटो हवाच, म्हणून मी पर्समधून मोबाइल काढला.

पोरगी ताटावरून उठली. वरणाच्या हातांनी टोपली फरफटत माझ्यापुढे आणली आणि ठणकावून म्हणाली, "थेवा!"

सुनेच्या हातातला घास तसाच राहिला. "बाई, बोलली! माही पोरगी बोलली!"

ती हसत होती, रडत होती. मीही रडले. या गोष्टीचा पुरावा मात्र ऑफिसला देता आला नाही. माझा मोबाइल टोपलीत होता.