धावजीनं पाळलेला शब्द

आमच्या दंडारीत, म्हणजे गावोगावच्या नाच-सोंगांच्या खेळात, मी राणी व्हायचो आणि धावजी ढोलकी वाजवायचा. नेरजवळच्या तांड्यावरचा माणूस. एकदा भर खेळात माझा आवाज बसला, तर यानं पाऊण तास नुसत्या ढोलकीवर गर्दी धरून ठेवली आणि शाबासकी मला घेऊ दिली.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या हातावर गाठी उठल्या, फुटल्या, मनगटाकडे सरकल्या. मलमं लावून झाली. शेवटी मी त्याला यवतमाळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला.

पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "ही बुरशी आहे, खोल गेलेली. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला अशी होते. तुम्हाला साखर नाही, दुसरा आजारही सापडत नाही. मग चेहरा असा गोल का सुजला? कातडी इतकी पातळ का? कारण कळलं नाही तर हात वाचवणं कठीण. कोणतं औषध घेता?"

"काहीच नाही," धावजी म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "बादलची पुडी घेतोस ना गुडघ्यासाठी?"

"तीन वर्सं झाले. पन जडीबुटीचं कोनाले सांगतलं का गुण जाते, बापू. शब्द देल्ला मी त्याले."

बादल आमच्याच दंडारीतला सोंगाड्या. खेळ बंद पडले आणि तो वैदू झाला. मी स्वतः त्याच्याकडे माणसं धाडली आहेत.

तसेच त्याच्या घरी गेलो. धावजीनं हात पुढं केला. बादलनं नजर वळवली.

"बुटी कोनती हाय?" धावजीनं विचारलं.

"बुटी कायची? स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून देऊन राह्यलो. तू चालाले लागला का नाही?"

"मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तं घेतली असती का?"

धावजीनं हात मागं घेतला. मग म्हणाला, "मी डाक्टरबाईपाशी खोटं बोललो. तुह्यासाठी."

दुसऱ्या दिवशी धावजीनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी बुरशीवरचं औषध सुरू केलं आणि बजावलं, "स्टेरॉइड एकदम सोडलं तर जिवावर बेतेल. मी मोजून देते, हळूहळू कमी करू."

हातावरच्या जखमा आता सुकताहेत. परवा माझ्यासमोर त्यानं सकाळची गोळी तळहातावर घेतली.

"हे बादलचीच होय न, बापू?"

"तीच."

"तरी गिळाच लागते," म्हणाला, आणि पाण्याचा गिलास मागितला.